गोधडीचं सुधारित अंदाजपत्रक

सरकारी अभियंता निवृत्त झाला की पेन्शन सुरू होते, पण त्याचं बोट काही बंद होत नाही. उभी नोकरी ज्या बोटानं दुसऱ्याच्या कामातली खोट दाखवली, ते बोट घरी आल्यावरही दाखवण्यासारखं काहीतरी शोधत राहतं. आणि घरात असतं तरी काय? पोळ्यांचा व्यास, कुंड्यांची रांग, उन्हाळ्यात कूलरचा उतार. पोळीबद्दल मी एकदाच बोललो. बायको म्हणाली, "लाटणं तिथंच आहे." तेव्हापासून पोळ्या माझ्या कार्यकक्षेबाहेर गेल्या.

मग मला छंद लावायची मोहीम निघाली. हास्यक्लबात लोक विनाकारण हसतात. विनाकारण काही करायचं तर आधी वरून मंजुरी लागते, असं माझ्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे तिथं मी सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायचो. बागेतली झाडं बायकोची, त्यांना हात लावायची सोय नाही. शेवटी पुण्याहून मुलीचा फोन आला. ती बाळंतपणाला नांदेडला येणार होती.

"बाबा, बाळासाठी तुम्ही स्वतःच्या हातानं गोधडी करा ना! आता त्याचं किट मिळतं. सगळं कापूनच येतं. फक्त जोडायचं."

'फक्त जोडायचं' हे मी नोकरीत पुलांच्या बाबतीत पुष्कळदा ऐकलेलं. दोन्ही काठ तयार आहेत, फक्त जोडायचं. त्यातले काही काठ अजूनही एकमेकांकडे बघत उभे आहेत. पण होणारं नातवंड म्हटल्यावर मी किट मागवलं.

खोका आला. त्यात पाच इंची कापडाचे 42 चौकोन, क्रमांक टाकून पारदर्शक पिशव्यांत भरलेले. अस्तराचं कापड, मध्ये घालायचा फायबरचा थर, सुया, दोऱ्याचं रीळ, एक जाडजूड सूचनापत्रिका आणि अगदी तळाशी कापडाची एक छोटी पट्टी. बायकोनं एक पिशवी उघडून चौकोन बोटांत धरला.

"या चिंध्या विकत घेतल्या तुम्ही?"

"चिंध्या नाहीत. प्री-कट पीसेस आहेत."

"केवढ्याला?"

"मंजूर मर्यादेत," मी म्हणालो. नेमकी रक्कम इथंही लिहीत नाही, कारण ती हा लेख वाचणार आहे.

पण हिशेबात ती खात्यातल्या कुठल्याही ऑडिटरला भारी. ती म्हणाली, "गेल्या दिवाळीला मी भांडेवालीला जुन्या साड्या दिल्या आणि स्टीलचं पातेलं घेतलं. तुम्ही पैसे दिले आणि चिंध्या घेतल्या. या घरातून कापड जातंय तेव्हा भांडं येतंय, आणि कापड येतंय तेव्हा पैसा जातोय. मधला माणूस कोण आहे, तो मला बघायचाय."

तो मधला माणूस अमेरिकेत सापडला. इंडियाना राज्यातल्या मेरियन गावच्या मेरी वेबस्टर या बाईंनी 1915 साली अमेरिकन गोधड्यांवरचं पहिलं अख्खं पुस्तक लिहिलं आणि 1921 मध्ये राहत्या घरातूनच नमुने आणि तयार किटं विकायची कंपनी काढली. कापड आमचं, नक्षी आमची, घाम तेवढा तुमचा. तेव्हापासून हा धंदा एवढा वाढला की आता तिकडे कापडाच्या पट्ट्यांची गुंडाळी 'जेली रोल' म्हणून विकतात आणि दहा इंची चौकोनांची चळत 'लेयर केक' म्हणून. मी हे मोठ्यानं वाचत होतो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "काही गोड मागवू नका, तुमची शुगर वाढलीय."

त्यात गाव आमचं नांदेड. इथल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत देशाचा राष्ट्रध्वज तयार होतो आणि त्याचं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणलं जातं. ध्वजाची लांबी-रुंदी 3:2, सगळ्यात मोठा 21 फूट बाय 14 फूट. भारतीय मानकांच्या यादीतलं पहिलं मानक, आयएस 1, तेही राष्ट्रध्वजाचंच. अशा गावात राहून मी पाच इंची चौकोन कुरियरनं मागवले होते. शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी खोका बघून विचारलं, "साहेब, नांदेडात कापड संपलं का?"

मी लक्ष दिलं नाही. कामाला पद्धत असते. आधी अंदाजपत्रक केलं. चौकोन पाच इंची. चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जाणार. म्हणजे तयार चौकोन साडेचार इंची. सात चौकोनांची एक ओळ, साडेएकतीस इंच. अशा सहा ओळी. मोजमाप पुस्तिका घातली, तिच्यावर पान क्रमांक टाकले. कामाची मुदत लिहिताना मात्र हात थबकला. नोकरीत मी पावसाळा, वाळूटंचाई, आचारसंहिता अशा कारणांवर मुदतवाढ दिलीही आहे आणि घेतलीही आहे. इथं मुदत डॉक्टरीणबाईंनी दिलेली, आणि लाभार्थी अर्ज-विनंत्यांना भीक घालणारा दिसत नव्हता.

अक्षय्य तृतीयेला शुभारंभ केला. नांदेडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. दिवाणखान्यात फरशीवर चौकोन मांडले. पंखा लावला की चौकोन उडत. पंखा बंद केला की माझा घाम चौकोनांवर पडे. पंखा एकवर ठेवला तर फक्त पिवळे उडत. मग मी कूलर लावला. कूलरनं वारा दिला आणि वाऱ्याबरोबर तुषारही दिले. चौकोन क्रमांक 17 हा लालभडक होता. त्यानं आपला रंग शेजारच्या 18 आणि 19 या पांढऱ्या चौकोनांना मोकळ्या मनानं दिला. सूचनापत्रिकेत 'कापड आधी धुऊन घ्यावे' असं लिहिलेलं होतं, पण ते शेवटच्या पानावर. खात्यात शेवटचं पान सहीपुरतं असतं. ते कुणी वाचत नाही.

यानंतर सुधारित अंदाजपत्रक करणं भाग पडलं. किट घेतलं की सगळं झालं, हा समज चुकीचा आहे. किट ही फक्त प्रशासकीय मान्यता. त्यानंतर पुसली जाणारी खडूची पेन्सिल लागते, काचेच्या डोक्याच्या टाचण्या लागतात, रबरी चटई लागते, आरपार दिसणारी पट्टी लागते आणि एक कात्री लागते जिनं कापडाशिवाय दुसरं काही म्हणजे काही कापायचं नसतं. ही कात्री आली त्याच संध्याकाळी बायकोनं तिनं दुधाची पिशवी कापली.

"ती कापडाची कात्री आहे!"

"मग दुधाला काय झालं? फाटलं का?"

मशीन बायकोचं, लातूरहून तिच्या लग्नात आलेलं. पायमशीन. बायकोच्या पायाखाली ते शहाण्यासारखं चालतं. माझा पाय लागला की चाक उलटं फिरे, दोरा तुटे आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा असा गुंता होई की तो काढायला स्वतंत्र निविदा मागवावी. दोरा ओवायचा तर चष्मा काढावा लागे आणि टाका बघायचा तर घालावा लागे. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात दोरा आणि सुई भलतीकडेच. बायको दारात उभी राहून बघे. मदत करत नसे. बघण्याचा माझा इतक्या वर्षांचा अधिकार तिनं रीतसर चार्ज घेऊन ताब्यात घेतला होता.

ओळी जोडून झाल्या आणि मी मोजमाप घेतलं. पहिली ओळ साडेएकतीस इंच. तिसरी पावणेतीस. कारण शोधलं. पाव इंचाऐवजी दीड पाव इंचावर शिलाई गेली होती. दर चौकोनाला दोन्ही बाजूंनी अर्ध्या पाव इंचाचा फरक, आणि सात चौकोनांत मिळून पावणेदोन इंच बेपत्ता. कालव्यात एवढं पाणी मुरतं तेव्हा आम्ही त्याला 'वहनव्यय' म्हणतो आणि पुढं जातो. पण गोधडी पुढं जायला तयार नव्हती. तिसऱ्या ओळीला चौथी लावली की कापडाला फुगा येई. आणि खरा घात चौकांत होता. चार चौकोन एका बिंदूत भेटले पाहिजेत, ही या कलेतली मुख्य परीक्षा. माझे चार चौकोन जवळपास येत आणि एकमेकांना चुकवून निघून जात. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, गाड्या-हातगाड्यांसकट मिळतात, आणि मला चार मिळवता येईनात!

"ठेकेदारानं असं काम केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" बायकोनं विचारलं.

"नोटीस दिली असती."

"मग द्या की."

मी तीन थर एकावर एक मांडले आणि हातशिलाई सुरू केली. फरशीवर गुडघे धरतात म्हणून सगळं दिवाणावर पसरलं. खाली अस्तर, मध्ये फायबर, वर चौकोन. तंद्री लागली. टाका बारीक नसला तरी खोल जात होता, याचं समाधान होतं. मुख्याध्यापक चहाला आले तेव्हा मी मोठ्या अभिमानानं गोधडी उचलून दाखवायला गेलो. गोधडीबरोबर दिवाणावरची चादरही वर आली. तिच्याबरोबर गादीची खोळ आली. मुख्याध्यापकांनी कप बाजूला ठेवला, वाकून खालून नीट पाहणी केली आणि म्हणाले, "पाया मजबूत घेतलाय."

या टप्प्यावर लातूरहून सासूबाई आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. अहमदपूर, लोहा करत एसटीनं आल्या. हातात एक पिशवी आणि काखेत बोचकं. नातीचं बाळंतपण म्हणजे तिथं त्यांची सही लागणारच. हातपाय धुतले, पान लावलं आणि दिवाणाकडे बघून म्हणाल्या, "ह्ये काय ओ पाव्हणं?"

"गोधडी."

"वाकळ मना की. कुणाचं लुगडं हाय?"

"कुणाचं नाही. नवं कापड आहे."

"नवं?" त्यांनी चौकोन चिमटीत धरून ताणून बघितला. "मंग फाडलं कामून?"

या प्रश्नाला मेरी वेबस्टरबाईंपासून आजवर कुणीही उत्तर दिलेलं नाही. मीही सूचनापत्रिका पुढं केली. मामींनी ती हातात घेतली आणि तिच्यावर अडकित्ता ठेवला.

"आतमधी काय घातलाव?"

"फायबर. हलकं असतं. धुतलं की लगेच वाळतं."

"लेकरू मुतल्यावर ह्ये पिणार का?"

निचऱ्याचा मुद्दा माझ्या मूळ अंदाजपत्रकात नव्हता, सुधारितमध्येही नव्हता. धरणाच्या कामात पहिल्यांदा तोच बघतात. मामींचं म्हणणं साधं होतं. वाकळीला जुनं सुती लुगडंच लागतं. शंभरदा धुतलेलं, खळ गेलेली, रंग जायचा तेवढा जाऊन बसलेला. ते घाम पितं, टोचत नाही, आणि लेकरानं चोखलं तरी भीती नाही. नव्या कापडाला हे सगळं शिकायला पाच-सहा वर्षं लागतात आणि तोवर लेकरू शाळेत जातं. एवढं बोलून त्यांनी बोचकं सोडलं. आत त्यांचीच दोन जुनी नऊवारी लुगडी होती, विरून मऊ झालेली. म्हणजे त्या तयारीनंच आल्या होत्या. माझ्या कामाचा गोपनीय अहवाल लातूरला आधीच पोचला होता. कुणी पाठवला ते विचारायची गरज नव्हती, ती स्वयंपाकघरात भांडी फारच वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी मामींनी काम हाती घेतलं. खाली पाय पसरून बसल्या, सगळं उसवलं. फायबरचा थर काढून मला दिला. आता तो माझ्या खुर्चीवर आहे. आत लुगड्याचे पदर घातले. टेप नाही, पट्टी नाही, खडू नाही. वितीनं मापलं, दातानं दोरा तोडला. कडेनं धावदोरा सुरू केला आणि चारही बाजूंनी फिरत फिरत आत जायला लागल्या. मी म्हणालो, "मधून सुरुवात करायची असं पत्रिकेत आहे." त्या म्हणाल्या, "कडंनं गेलं की कापड पळत नाही." जिथं कापड जास्त होई तिथं टाक्यात थोडं थोडं जिरवत. तिसऱ्या ओळीतले पावणेदोन इंच त्यांनी कुठं जिरवले, ते मी भिंग घेऊन शोधलं, सापडले नाहीत. 18 आणि 19 क्रमांकाच्या डागाळलेल्या चौकोनांवर लुगड्याच्या काठाचं ठिगळ बसलं आणि सगळ्या गोधडीत तेवढंच नजरेत भरू लागलं.

मी रिकामा बसलो नव्हतो. खुर्ची टाकून देखरेख केली.

"मामी, हा टाका जरा तिरका गेलाय."

"चहा घेतलाव का?"

"हो."

"आनखी घ्या."

आता कुणी म्हणेल, मग गोधडी मी केली असं कसं म्हणता येईल? खात्यात अशा वेळी पूर्वदाखला शोधतात. मीही शोधला आणि मिळाला, तोही जागतिक दर्जाचा. 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सिअर्स कंपनीनं गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा ठेवली. मंदीचे दिवस, आणि पहिलं बक्षीस 1,000 डॉलर! सुमारे 24,000 गोधड्या आल्या. पहिला नंबर केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांचा. त्यांची गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रुझवेल्ट यांना भेट दिली गेली. पुढं कित्येक वर्षांनी गोधड्यांचा अभ्यास करणाऱ्या बायकांनी खणून काढलं, की केडनबाईंनी ती स्वतः शिवलीच नव्हती. मजुरी देऊन दुसऱ्या बायकांकडून करून घेतली होती. बक्षिसातलं त्या बायकांना काही मिळालं नाही, आणि मंदीत हातचं काम जाईल म्हणून त्या तेव्हा गप्प राहिल्या.

मी ही हकिकत घरात वाचून दाखवली. बायको म्हणाली, "त्या बाईनं निदान मजुरी तरी दिली होती."

गोधडी तयार झाली. मी ती गुडघ्यावर घेऊन, हातात सुई धरून फोटो काढून घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. फुलं आली, हात जोडलेले आले, टाळ्या आल्या. 'निवृत्तीनंतरचं आदर्श जीवन' असं एका व्याह्यांनी लिहिलं. सुईत दोरा नाही, हे फक्त एका जुन्या सहकाऱ्याच्या नजरेत आलं. त्यानं लिहिलं, 'साहेब, सुपरव्हिजन उत्तम.'

आता राहिली ती खोक्याच्या तळाशी सापडलेली पट्टी. तिच्यावर इंग्रजीत छापलेलं होतं, 'हँडमेड विथ लव्ह बाय', आणि पुढं एका नावापुरती रेघ. ही पट्टी कोपऱ्यात शिवायची. किटातलं बाकी सगळं कमी-जास्त झालं तरी चालतं, बघा. माणूस पैसे मोजतो ते या रेघेसाठी. आमच्या खात्यात हिलाच कोनशिला म्हणतात. धरणाच्या भिंतीवर ज्याचं नाव असतं त्यानं एक दगड उचललेला नसतो, आणि ज्यानं दगड उचलले त्याला ते नाव वाचता येत नसतं. त्यामुळे रेघेवर कुणाचं नाव घालायचं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

घरात होती. बायको म्हणाली, मशीन माझं. मुलगी बाळंतिणीच्या खोलीतून म्हणाली, कल्पना माझी. जावयांनी पुण्याहून कळवलं की किटाची लिंक त्यांनी शोधली होती. मुख्याध्यापकांनी सहज आठवण करून दिली, की पहिल्या दिवशीचा टेप त्यांचा होता आणि तो अजून परत आलेला नाही. मी तोडगा काढला: 'संकल्पना', 'यंत्रसामग्री', 'मार्गदर्शन', 'विशेष सहकार्य' आणि मध्ये जाड ठशात 'शुभहस्ते'. पट्टी दोन इंचांची. मजकूर बसवायचा तर गोधडी वाढवावी लागली असती. म्हणून दुसरं सुधारित अंदाजपत्रक करायला घेतलं, पण बायकोनं मोजमाप पुस्तिका रद्दीच्या गठ्ठ्यात घातली. पट्टी कोरीच शिवली गेली.

बारशाला घर भरलं. पाळण्यात गोधडी घातली, गोधडीवर बाळ घातलं, आणि बाळानं पहिल्या दहा मिनिटांतच निचऱ्याची चाचणी घेतली. गोधडी पास झाली. लातूरच्या एका आत्याबाईंनी कोपरा उलटून बघितला, टाके बघितले, कोरी पट्टी बघितली आणि भर सभेत विचारलं, "लै झ्याक झालीय ओ. कुणी केली?"

"मी," मी म्हणालो. त्याच क्षणी बायकोही म्हणाली, मुलगीही म्हणाली, जावईही म्हणाले. मुख्याध्यापकांनी नुसता घसा साफ केला. सगळ्या बायका हसल्या आणि मामींकडे वळल्या. मामी कोपऱ्यात पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्या पाव्हण्यायनंच केली की. म्या आपलं निस्तं उसवलं आन् शिवलं."